चालत्या बोर्डाची चिप

ताईला रागवायला झकास जमायचं, पण प्रेमाचे दोन शब्द तोंडावर बोलायचे म्हटलं की तिच्या घशात काटा अडकायचा. नवऱ्याच्या वाढदिवसालासुद्धा ती "दाढी करून या जरा" एवढंच म्हणायची. मनातलं जे काही असेल ते ती लिहायची. आणि लिहायची कुठे, तर बोर्डावर, चिपच्या खाली, जिथे माणसाची नजर कधी जायची नाही.

हे नीट सांगायला हवं. ताई आणि तिची दहा वर्षांनी धाकटी बहीण बिट्टी, दोघी मिळून डेव्हलपमेंट बोर्ड बनवायच्या. तळहाताएवढी हिरवी पाटी, मधोमध मायक्रोकंट्रोलर, म्हणजे अख्खा संगणक पोटात घेऊन बसलेली एक काळी चिप, आणि तिच्या भोवती दिवे, बटणं, चिमुकला पडदा, तारा जोडायच्या पिना. शिकणाऱ्या मुलांनी त्यावर आपला प्रोग्राम चढवायचा, चालतो का बघायचं, चुकला की पुसून पुन्हा चढवायचा. बोर्डाचा आराखडा ताई काढायची, प्रोग्राम बिट्टी लिहायची. बिट्टी हे नाव घरात संगणक येण्याच्या कितीतरी आधीचं, पण ताई गिऱ्हाइकांना सांगायची, "नावातच बिट आहे, दुसरं काय करणार होती ही!"

त्यांच्या पहिल्यावहिल्या बोर्डाचे दोनशे नग विकले गेले आणि महिन्याभरात त्यातला एक चिप जळून परत आला. बिट्टीने गरम हवेचा झोत देऊन चिप सोडवली, चिमट्याने उचलली, आणि खाली पांढऱ्या छपाईत अक्षरं दिसली. आराखड्याच्या सॉफ्टवेअरला देवनागरी येत नव्हती, म्हणून ताईने एकेक अक्षर रेघा ओढून काढलं होतं. त्या खटाटोपात 'घ'चा 'ध' झाला होता. लिहिलं होतं: बिट्टी धोरते.

"दोनशे बोर्डांवर?" बिट्टी किंचाळली. "दोनशे लोकांना सांगितलंस मी घोरते म्हणून?"

"कुणालाही सांगितलं नाही," ताई सोल्डरिंगवरून, म्हणजे कथिलाच्या टाक्यांवरून, मान वर न करता म्हणाली. "चिप काढेल त्यालाच कळेल. आणि माझ्या बोर्डाची चिप जळत नाही सहसा."

तेव्हापासून 'धोरणं' हा त्या घरातला शब्द झाला. पुढच्या बोर्डाखाली भाऊजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या, टकलावर एक ओळ होती. भाऊजी शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांना चिप आणि बिस्किट यांतला फरक एवढाच ठाऊक होता की चिप खात नाहीत. ती ओळ त्यांना कुणी कधी सांगितली नाही.

कार्यशाळा म्हणजे घराला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर, खिडकीशी भिंग बसवलेला दिवा, आणि भिंतीवर ताईच्या अक्षरातला एक पुठ्ठा: 'चालतंय ना? मग हात लावू नकोस.' हा पुठ्ठा खास बिट्टीसाठी होता. तिला चांगला चालणारा बोर्ड उघडून आणखी चांगला करायची खोड होती, आणि त्यापायी तिने पहिल्या वर्षात सात बोर्ड कामातून घालवले होते. ताईने तो नियम तिच्या इतका अंगवळणी पाडला, की पुढे पुढे बिट्टी चालतं घड्याळसुद्धा भिंतीवरून काढायची नाही.

तिसऱ्या बोर्डाच्या वेळी मात्र दोघींचं बिनसलं.

चिप आणि संगणक यांनी एकमेकांशी बोलायचं तर दोन तारा लागतात, एक बोलायची आणि एक ऐकायची. याची बोलायची तार त्याच्या ऐकायच्या तारेला जोडायची, त्याची याच्या. इतकं साधं. पण कागदावर नुसतं 'बोल' लिहिलं, तर कोणाचं बोलणं? चिपचं की संगणकाचं? या एका प्रश्नावर जगभर रोज बोर्ड फुकट जातात. म्हणून दोघी बहिणींचं ठरलं होतं: कागदावर नेहमी चिपच्या तोंडून लिहायचं. कोणती तार कुठे जोडायची त्याचा कागद बिट्टी करून द्यायची, ताई त्यावरून रेघा ओढायची. त्या खेपेला बिट्टी घाईत होती. तिने संगणकाच्या तोंडून लिहिलं.

तीनशे बोर्ड बनून आले. बोलायची तार बोलायच्या तारेला, ऐकायची ऐकायच्या. दोन्हीकडून बोलणं चाललेलं आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. एकाही बोर्डावर प्रोग्राम चढेना.

ते बोर्ड ज्या कॉलेजला जायचे होते, तिथले प्राध्यापक स्वतः कार्यशाळेत आले. परीक्षा तोंडावर होती. ते चिडून म्हणाले, "हे कोणाचं काम आहे?" आणि बिट्टीच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आराखडा ताईचा आहे. मी फक्त प्रोग्राम लिहिते."

ताईने तिच्याकडे एकदा पाहिलं. मग प्राध्यापकांना म्हणाली, "हो, चूक माझी आहे. आठ दिवसांत नीट करून देते."

पुढे दोन दिवस दोघी समोरासमोर बसून बोर्डावरची रेघ कापत होत्या आणि केसाएवढ्या बारीक दोन तारा फुलीसारख्या डकवत होत्या. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, "तुझा तो कागद बघ एकदा."

झालं. बिट्टीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे आता माझ्यावर खापर फोडणार? कबूल केलंस ना त्यांच्यासमोर? आयुष्यभर तुझ्या हाताखाली राबले, त्याचं हे फळ!" आणखीही पुष्कळ बोलली. ताईला मूलबाळ नव्हतं, तर तेही काढलं, की तुला कोणाला सांभाळून घ्यायची सवयच नाही. माणसाची जीभ कुठे कुठे जाते.

ताईने हातातली सोल्डरिंगची तापती सळई तिच्या स्टँडवर ठेवली आणि म्हणाली, "एवढं वाटत असेल तर जा."

बिट्टी गेली. दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत बोर्ड तपासायच्या कामावर लागली. महिन्याभराने सामान लावताना वहीतून त्या कागदाची प्रत निघाली. तिने ती उभ्या उभ्या वाचली आणि मग जमिनीवर बसून वाचली. 'बोल' जिथे हवं तिथे 'ऐक' होतं. तिच्याच अक्षरात.

त्या क्षणी फोन केला असता तर ही गोष्टच सांगायची वेळ आली नसती. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. तिने ठरवलं, मोठी ती आहे, आधी तिने एक शब्द टाकावा. एकच शब्द. मग मी पहिल्या गाडीने जाईन आणि पाय धरेन.

सात वर्षं ती त्या एका शब्दाची वाट बघत होती.

शब्द आला नाही, बोर्ड आले. ताईचा नवा बोर्ड निघाला की त्यातला पहिला, क्रमांक एक, कुरियरने बिट्टीच्या दारात यायचा. चौथा, पाचवा, सहावा. खोक्यात फुगेवाला कागद, त्यात बोर्ड. बिट्टी दर वेळी खोकं उलटं करून झटकायची, कागदाची घडी न् घडी उलगडायची. चिठ्ठी नाही. दर वेळी तिचा संताप व्हायचा. बघ, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, असंच ना? रात्री जेवण जायचं नाही तिला. मग ती बोर्ड चालवून बघायची, कारण सवय. चालायचा. ताईचा बोर्ड चालणारच. चालत्या बोर्डाला हात लावायचा नसतो, हे तिला ताईनेच शिकवलं होतं. बोर्ड कपाटात जायचा.

त्या चिपखाली काही असेल, असं तिच्या मनातही आलं नाही. त्या गमती बऱ्या दिवसांच्या होत्या. भांडणात कोण गमती करतं?

सातवा बोर्ड आला तेव्हा मात्र तिला हसू आलं. अलीकडच्या सगळ्या चिपा बोर्डावर सपाट चिकटवलेल्या असतात. आणि ताईने या खेपेला जुन्या काळची लांबट चिप घेतली होती, खाली सॉकेट घालून, म्हणजे हाताने काढता-घालता येईल अशी. "आजकाल सॉकेट कोण लावतं?" बिट्टी स्वतःशीच म्हणाली. "म्हातारी झाली बाई." पण त्याचे दिवे फार सुंदर होते. तिने तो कपाटात न टाकता स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, अंडी उकडायला वेळ लावायचा प्रोग्राम चढवून. अकरा महिने तो तिथे दिवे लुकलुकवत बसला होता.

मग भाऊजींचा फोन आला. "ताई गेली. यायचं असेल तर ये."

ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. आठवडा झाला तरी भाऊजी तिच्याशी धड बोलत नव्हते. तिला 'तू' म्हणायचं की परकी म्हणून 'तुम्ही', हे ठरत नसल्यासारखे क्रियापदच गिळून टाकायचे. "चहा?" "किल्ली." "जेवण, ओट्यावर." बिट्टी कार्यशाळेत बसून राहायची. तिची खुर्ची तिच्याच टेबलाशी होती, आणि तिच्यावर धूळ नव्हती. तिला एकच गोष्ट आतून खात होती. ताई एकही शब्द न बोलता गेली. म्हणजे तिने माफ केलं नाही.

त्या सकाळी भाऊजी चहाचे दोन कप घेऊन आले आणि पहिल्यांदाच समोर बसले. ताईच्या खुर्चीत नाही, स्टुलावर.

"एक विचारतो," ते म्हणाले. "मनात ठेवून मला जगता येणार नाही. तिने कळवल्यावर का नाही आलीस?"

"काय कळवल्यावर?"

"आजाराचं! अकरा महिने होते, बिट्टी. मी म्हणालो, मी फोन करतो. तर माझ्यावर खेकसली. म्हणाली, खबरदार मध्ये पडलात तर, मी लिहिलंय तिला."

"मला काही आलं नाही, भाऊजी. तुमची शपथ. चिठ्ठी नाही, निरोप नाही."

"पार्सल मी माझ्या हाताने कुरियरला नेऊन दिलं."

"पार्सल आलं. त्यात नुसता बोर्ड होता. दर वेळी नुसता बोर्डच असायचा!"

भाऊजी गोंधळले. "असं कसं? दर वेळी म्हणायची, लिहिलंय. एकदा मी विचारलं, अगं, कुठे लिहिलंस, मला तर कागद दिसला नाही. तर म्हणे, जिथे नेहमी लिहिते तिथे."

बिट्टीच्या हातातला कप कलंडला. चहा टेबलावरून खाली ठिबकायला लागला तरी ती बघतच राहिली.

मग ती उठली. मांडणीवर ताईच्या सगळ्या बोर्डांचा शिल्लक माल होता. तिने चौथा घेतला, पाचवा, सहावा. सातवाही काढला, पण तो बाजूला उपडा ठेवला. त्याचं सॉकेट आता तिला वेगळंच दिसायला लागलं होतं आणि त्याला हात लावायचा धीर होत नव्हता. तिने गरम हवेचं यंत्र लावलं. रोज शंभरदा करायचं काम, पण आज तिने मनगट टेबलावर टेकवून झोत धरला. चौथ्या बोर्डावरचं कथील चकाकलं, तिने चिप उचलली.

बिट्टी, चूक माझी. ये.

तीन शब्द आणि तिचं नाव. तिला एकच शब्द हवा होता.

"काय लिहिलंय?" भाऊजींनी विचारलं. तिने बोर्ड त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन, बोर्ड नाकाजवळ नेऊन वाचलं.

"चूक तिची नव्हती," बिट्टी म्हणाली. "माझी होती. कागदावर मीच उलटं लिहिलं होतं. मला ठाऊक होतं, भाऊजी. सात वर्षं ठाऊक होतं."

"तिलाही होतं," भाऊजी म्हणाले. "तो कागद तिच्या कपाटात आहे. कोणाला दाखवायची नाही."

पाचव्याखाली लिहिलं होतं: बिट्टी अजून धोरते का? 'ध'च काढला होता, मुद्दाम, नीट गाठ देऊन. बिट्टीला हसू फुटलं आणि त्या हसण्याचं रडं कधी झालं ते तिला कळलं नाही. भाऊजींनी ती ओळ वाचली, त्यांना काहीच उमगलं नाही, पण ते उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

सहाव्याची चिप नखाएवढी होती. तिच्याखाली जागा ती किती असणार. ये ना, एवढंच.

सातव्याला गरम हवा लागली नाही. बिट्टीने चिपच्या दोन्ही टोकांना नख घातलं आणि ती अलगद निघून हातात आली. सॉकेटच्या चौकटीत मोकळी लांबट जागा होती, आणि ती बारीक अक्षरांनी भरलेली होती. चिपा गरम हवेने सोडवाव्या लागतात म्हणून बिट्टी वाचत नसेल, असं ताईला वाटलं असणार. म्हणून तिने सगळा आराखडा बदलला होता, या चार ओळींसाठी.

बिट्टी, या वेळी सोपं केलंय. नखाने निघेल.
डॉक्टर म्हणतात वर्ष काढाल.
तू आलीस तर मी दोन काढीन.
भांडायला तरी ये.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक हसत हसत म्हणतात. अकरा महिने हीच चिठ्ठी तिच्या खिडकीत होती. तिच्यावर वेळ लावून ती अंडी उकडत होती.

भाऊजींनी तोही बोर्ड नाकाजवळ नेऊन चारही ओळी वाचल्या. मग भाऊजी म्हणाले, "हे तिने सगळ्या बोर्डांवर छापलं?"

"छापलं की सगळ्यांवर छापलं जातं, भाऊजी. एकावर वेगळं नाही करता येत."

"म्हणून तर मग!" त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, त्या मुलांचे मेल. मला वाटलं, मेली थट्टा करतात. तुझं नाव कुठून कळलं यांना, म्हणून मी डोकं खाजवत होतो." त्यांनी ताईचा संगणक तिच्यापुढे सरकवला. "मी वरवर चाळून सोडून दिले. तू बघ."

सॉकेटातली चिप काढायला सोपी. मुलं ती काढणारच. एकाने लिहिलं होतं: 'ताई, चिप उलटी बसवली म्हणून काढली, तर खालचं वाचलं. वाचायला नको होतं, माफ करा. तुम्ही कशा आहात? बिट्टी आली का?' दुसरीने लिहिलं होतं की आमच्या वर्गात पैज लागली आहे, मी बिट्टी येणार या बाजूने आहे.

ताईने दोघांनाही उत्तर दिलं होतं. माणसांशी तोंडावर मनातलं न बोलणारी ताई, अनोळखी मुलांना लिहीत होती: 'अजून नाही आली. येईल. तिच्या बोर्डाची चिप जळली की ती काढेल आणि वाचेल. पण माझे बोर्ड मेले जळत नाहीत, हीच पंचाईत आहे. आणि चालत्या बोर्डाला हात लावू नकोस, असं मीच तिला शिकवलंय.'

त्याखाली एक नवा मेल होता, ताई गेल्यानंतरचा, न उघडलेला. पैज लावणाऱ्या त्याच मुलीचा. दोनच ओळींचा होता. 'ताई, आता कशा आहात? बिट्टी आली का?'

बिट्टीने डोळे पुसले, कीबोर्ड जवळ ओढला आणि लिहिलं: 'बिट्टी आली.'

मग ती थांबली. भाऊजी तिच्या मागे उभे राहून वाचत होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून लिहायचं होतं.